मूळ फाइलींना धक्का लागत नाही

फोल्डर उघडला, आणि आत काही नव्हतं. चुकून दुसराच उघडला असेल म्हणून तिने तो बंद केला, नाव अक्षर-अक्षर वाचलं, पुन्हा उघडला. खिडकीच्या तळाशी, जिथे फाइलींची संख्या दिसते, तिथे शून्य होतं. चहाचा घोट तोंडात तसाच राहिला होता. तो गिळायचा असतो हे तिला जरा उशिरा आठवलं. सकाळचे पावणेदहा झाले होते. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ढकलगाडी नेत होतं आणि तिचं एक चाक दर फेऱ्याला एकदा कुरकुरत होतं. ती ते कुरकुरणं मोजत बसली. अकरापर्यंत मोजलं, मग गाडी लिफ्टमध्ये शिरली असावी. शेजारचा फोल्डर उघडला, शून्य. त्याच्या शेजारचा, शून्य. चौथा उघडायच्या आधी तिने खुर्ची जरा पुढे ओढली, पाठ ताठ केली, जणू नीट बसलं तर आत काही सापडेल. शून्य.

या चार फोल्डरांत चार माणसांचे आवाज होते. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरचा त्यांचा हा विभाग लहानसाच, दोन खोल्या आणि एक काचेची ध्वनिबंद पेटी. ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार असतं ती माणसं ऑपरेशनच्या आधी इथे येतात, पेटीत बसून कागदावरची तीनशे वाक्यं वाचतात, आणि मग त्या तीनशे वाक्यांतून यंत्र एक आवाज बांधतं. पुढे तो माणूस पाटीएवढ्या उपकरणावर टाइप करतो आणि उपकरण त्याच्या आवाजात बोलतं. अगदी त्याच्याच नाही; विभागाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्या पेशंटला सांगायच्या, "तुमचा सख्खा भाऊ सर्दी झालेली असताना बोलतोय असं वाटेल. चालेल ना?" लोक हसायचे. हसतानाचा आवाजही तेव्हा त्यांच्याजवळ असायचा. चौघांपैकी तिघांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. त्यांना फोन करता येईल, पुन्हा बसवता येईल, माफी मागता येईल. चौथे लिफ्टवाले काका. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस. त्यांचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते, आणि आज बारा वाजता ते बायकोबरोबर उपकरण न्यायला येणार होते. उपकरणाची सवय आधी व्हावी म्हणून ते आज द्यायचं होतं, त्यांचा आवाज बांधून त्यात घालायला अजून पंधरा दिवस लागणार होते; ते बांधकाम सुरू करायला म्हणूनच तिने फोल्डर उघडला होता.

कारण कळायला अर्धा तास लागला, आणि तेवढाही लागायला नको होता. आवाजाची पातळी मोजणारा प्रोग्रॅम आपल्या कामाच्या फोल्डरातल्या फाइलीच वाचतो. आजवर ती मूळ फाइलींच्या प्रती तिथे टाकायची. या चौघांच्या वेळी डिस्कवर जागा उरली नव्हती, म्हणून तिने प्रतींऐवजी लिंक ठेवल्या. लिंक म्हणजे खोलीच्या दारावर लावलेली पाटी, सामान पलीकडच्या खोलीत आहे, तिकडे जा असं सांगणारी. मोजणी झाली. मग एका शनिवारी दुपारी तिचाच साफसफाईचा प्रोग्रॅम चालला. तिने पाटी काढायला सांगितलं होतं. त्याने पलीकडच्या खोलीत जाऊन सामान जाळलं आणि पाटी तशीच राहू दिली. आताही ती होती, चारही होत्या, नीट लावलेल्या, रिकाम्या खोल्यांकडे बोट दाखवत.

ज्या लायब्ररीतून, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेल्या तयार कोडमधून, तिने हे पुसण्याचं काम उचललं होतं, त्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराच्या सूचनांचं पान, तिने पुन्हा उघडलं. ते पान तिला पाठ होतं. फिकट राखाडी पट्टीत लिहिलं होतं की दिलेला पाथ, म्हणजे पत्ता, लिंकचा असेल तर फक्त लिंक काढली जाते, मूळ फाइलींना धक्का लागत नाही. त्या वाक्यात जर-तर नव्हतं. तिने एक खोटा फोल्डर केला, त्यात तीन रिकाम्या फाइली ठेवल्या, अ, ब आणि क, आणि त्याची लिंक केली. पाथ दिला, पुसायला सांगितलं. लिंक गेली, अ ब क जागेवर. लिंक पुन्हा केली, या वेळी पाथच्या शेवटी एक तिरकी रेघ, स्लॅश, दिली. अ ब क गेल्या, लिंक जागेवर. कुठलीही चूक दाखवली नाही, कसली सूचना नाही. प्रोग्रॅमने शहाण्या मुलासारखं काम झालं म्हणून सांगितलं. तिने तोच प्रयोग सात वेळा केला. तीनदा पुरे होता, पण हात थांबेना. सातही वेळा तेच. रेघ नसेल तर पानावर लिहिल्यासारखं, रेघ असेल तर उलटं.

आणि रेघ तिची होती. लायब्ररी ती मागत नव्हती, न देऊनही चाललं असतं. पण तीन वर्षांपूर्वी या विभागात आल्यावर तिने स्वतः नियम केला होता की फोल्डरचं नाव लिहिताना शेवटी नेहमी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे वाचणाऱ्याला हा फोल्डर आहे, फाइल नाही, हे लांबूनच कळतं. तिने तो नियम कागदावर छापून भिंतीला लावला होता. तळमजल्यावरचा नेटवर्कवाला, ज्याला उंचीमुळे अख्खं हॉस्पिटल जिराफ म्हणतं, तो कागद बघून म्हणाला होता, "तू वाण्याच्या यादीतसुद्धा पोहे स्लॅश, साबण स्लॅश लिहीत असशील." ती हसली होती, खरं तर तिला ते कौतुक वाटलं होतं. पुसण्याचा कोड लिहिला तेव्हा तिने त्याची चाचणीही घेतली होती, पण चाचणीतला पाथ डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणातून जसाच्या तसा उचलला होता. त्या उदाहरणात रेघ नव्हती. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच काढलेला पेपर तिने त्याला सोडवायला दिला होता.

जिराफाला फोन केला. त्याने दोन प्रश्न विचारले, मग तिसरा.

"कधीचा शनिवार म्हणालीस?"

"एकोणीस दिवस झाले."

"अरे देवा. बॅकअप चौदा दिवस राहतो गं. आणि तो आरसा आहे, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. जुन्या प्रती चौदा दिवस, मग त्याही जातात. तूच तर विचारलं होतंस मागे, मी तुला लिहून दिलं होतं."

"हो. माझ्याकडे आहे तो कागद."

"डिस्क खरवडून काही मिळतंय का बघू म्हटलं तर त्याच डिस्कवर खालचे एक्स-रे लिहिले जातात. रोज हजारभर. एकोणीस दिवस. ऐक, चूक तुझी नाहीये. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चूक आहे. मी तुला लिहून देतो हवं तर."

सगळे तिला काहीतरी लिहून द्यायला तयार असतात, असं तिच्या मनात आलं, आणि या वाक्याने ती स्वतःच दचकली, कारण ते तिचं नव्हतं. ते आईच्या बोलण्यातलं होतं. बाबा एका कॉलेजच्या रसायनशाळेत साहाय्यक होते. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी एका बाटलीवरचं लेबल वाचलं, विरल आम्ल, आणि त्यात पाणी ओतलं. आत तीव्र होतं. डावा डोळा गेला. चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती आईच्या मांडीला टेकून बसली होती आणि आतून एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत ऐकू येत होता, तुम्ही खात्री करून घेतली होती का, आणि बाबांचं एकच उत्तर, लेबल वाचलं होतं. नंतर घरी ते मीठ हुंगायचे. दूध बोटावर घेऊन बघायचे. आई म्हणायची, "आता एकदा मलाही लिटमस लावून बघा. बायको म्हणून लेबल आहे खरं, आत काय आहे कुणास ठाऊक." बाबा हसायचे आणि तरीही हुंगायचे. त्या घरातून ती या कामाकडे आली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. इथे बाटल्या नव्हत्या. इथे नाव आणि वस्तू यांच्यामध्ये कुणाचा हात यायचा नाही. ज्याला जे म्हटलंय ते तेच असायचं, आणि नसलं तर यंत्र लगेच तक्रार करायचं. लहानपणी तिला नेहमी वाटायचं, ते लेबल लिहिणारा माणूस कसा असेल. निष्काळजी, दारुडा, कुठेतरी घाईत निघालेला. आज तिने आपला साफसफाईचा कोड उघडला. पुसण्याच्या ओळीच्या वर, पुढे येणाऱ्यांसाठी, तिने सुबक अक्षरांत टिपण लिहून ठेवलं होतं. सुरक्षित आहे. फक्त लिंक काढते. म्हणजे तो माणूस असा होता. निवांत बसून, चांगल्या अक्षरात, दुसऱ्या कुणाच्या लेबलवरून आपलं लेबल लिहिणारा.

सव्वाअकराला तिला लायब्ररीच्या तक्रारींच्या यादीत हीच तक्रार सापडली. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलं होतं, शेवटी तिरकी रेघ असेल तर मूळ फाइली पुसल्या जातात, डॉक्युमेंटेशनमध्ये उलट लिहिलंय. खाली एक उत्तर होतं की ठाऊक आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. मग तक्रार बंद केल्याची खूण. तक्रार करणाऱ्याने आपलं काय गेलं ते लिहिलं नव्हतं. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात राग नव्हता, उद्गारचिन्ह नव्हतं. इतकं सरळ वाक्य माणूस पहिल्यांदा लिहीत नाही, दहादा खोडून लिहितो. काय असेल त्याचं? लग्नाचे फोटो, कुणाचा प्रबंध, कुणाची पाच वर्षं? तिला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम माया वाटली आणि मागोमाग चीड आली, की बाबा रे, जरा मोठ्याने ओरडला असतास.

बाईंनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग दार लावलं.

"बारा वाजता मी बोलते. तू थांबू नकोस."

"काय सांगणार?"

"यंत्रात बिघाड झाला, रेकॉर्डिंग खराब झालं. तयार आवाजांतला एखादा चांगला पुरुषी आवाज देऊ. हे काही खोटं नाही."

"यंत्रात बिघाड नाही झाला, बाई."

"अगं, तुझ्या त्या लायब्ररीत झाला ना? तेच ते."

"त्यांनी चुकीचं लिहिलं. मी वाचून विश्वास ठेवला आणि दुसऱ्याच्या आवाजावर वापरलं. माझ्या फाइली असत्या तर गोष्ट वेगळी."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. रोज माणसांना वाईट बातम्या द्यायचं त्यांचं काम, त्यांना राग परवडत नसे. "हे बघ," त्या म्हणाल्या, "सगळं सांगून तू मोकळी होशील. ते ओझं घेऊन ती दोघं घरी जातील. बिघाड झाला म्हटलं तर नशिबाला दोष देतील, झोपतील तरी. तुझं तोंड आठवत बसायला लावायचंय का त्यांना?" बाई बरोबर असतील. तिने आपल्या मनात हात घालून बघितलं तर तिथे खरेपणा वगैरे काही सापडलं नाही; आपण थांबलो नाही तर त्या खोलीत आणखी एक लेबल चिकटवलं जाईल एवढीच जाणीव होती. "मी थांबते," ती म्हणाली. बाईंनी खांदे उडवले. "थांब. पण रडायचं नाही. रडलीस तर तुलाच पाणी द्यायला काकूंना उठावं लागेल."

बारा वाजायला पाच कमी असताना ती दोघं आली. लिफ्टवाले काका बारीक झाले होते. गळ्यावरच्या श्वासाच्या छिद्रावर पांढरा सुती रुमाल, खिशाला पेन, हातात बिनरेघी वही. काकू आत येतानाच बोलत होत्या. "जिन्याने आलो बघा. यांना दुसऱ्याच्या हातच्या लिफ्टवर विश्वास नाही. आणि घरी तर विचारू नका, भांडायचीसुद्धा चोरी झाली आहे. यांची बाजू कोण मांडणार? मीच दोन्हीकडून भांडते, आणि गंमत म्हणजे तरीही मीच हरते." काका तिच्याकडे बघून ओळखीचं हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसता रुमाल हलला. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, उपकरणासाठी. "खरं सांगू का बाई, लवकर करा. मला यांचा आवाज आत्ताच धूसर व्हायला लागलाय. रात्रंदिवस चाळीस वर्षं ऐकला, आणि सात आठवड्यांत असं होतं?"

"काकू," बाई म्हणाल्या, "थोडी तांत्रिक अडचण—"

"फाइली गेल्या," ती म्हणाली. आपला आवाज खोलीत फार मोठा झाल्यासारखा तिला वाटला. "काकांचं सगळं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने पुसलं. परत मिळणार नाही, सगळीकडे बघितलं."

काकूंचा चष्मा अर्धवट उघडलेला होता. "बरं," त्या म्हणाल्या, चटकन, दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं. "बरं, मग पुन्हा रेकॉर्ड कर—" आणि थांबल्या. काकांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढून दातात धरलं आणि लिहिलं. सगळं?

"सगळं."

त्यांनी खाली आणखी लिहिलं आणि काकूंना दिसू नये अशी वही तिच्याकडे वळवली. शेवटचं पण?

तेव्हा तिला ते आठवलं. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी, तीनशे वाक्यं संपल्यावर, काकू खाली फॉर्म भरायला गेल्या होत्या. काका पेटीतून म्हणाले होते, "ही वाक्यं कोणी लिहिली हो? 'उद्या हवामान कोरडे राहील.' असं घरात कोण बोलतं? माझी चार घ्या की शेवटी." तिने मान डोलावली होती, बटण दाबलं होतं, आणि ते बोलले होते. चार की पाच? ती तेव्हा कानाला हेडफोन लावून हिरवी पट्टी बघत होती, पट्टी लाल होत नाही ना, मागे खरखर येत नाही ना. त्यांचा आवाज तिच्या डोक्यातून दीड मिनिट गेला होता आणि तिने त्याची पातळी मोजली होती.

"शेवटचं काय?" काकूंनी वही ओढून घेतली. "अहो, शेवटचं म्हणजे काय?" काकांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हा त्या तिच्याकडे वळल्या. "तू होतीस ना गं आत? यांनी काय ठेवलं होतं?"

"घरातली वाक्यं. तुमच्यासाठी. मला—" तिने बाईंकडे बघितलं नाही. "मी ऐकली नाहीत, काकू. कानावर पडली, पण मी नुसती आवाजाची पट्टी बघत होते."

काकूंनी मान हलवली, समजल्यासारखी, आणि वही काकांपुढे ठेवली. "लिहा तर खरं." त्यांनी टोपण पुन्हा काढलं. मग एकच ओळ लिहिली. काकूंनी चष्मा लावला. "अगं थांब, मी बघतो," त्यांनी वाचलं. आणि हसल्याच. "हे? हे तर दिवसातून दहादा. नळ गळला, दार अडकलं, की हेच." काका बघत होते. काकू पुन्हा म्हणाल्या, या वेळी वही न बघता, जरा जाड आवाजात, त्यांच्यासारखं, "अगं थांब, मी बघतो." काकांनी मानेने नाही म्हटलं. काकूंनी शब्द तोडून बघितले, मग 'अगं' लांबवून, मग घाईने, दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसं. दर वेळी ते नाही म्हणत होते. मधेच त्यांनी तोंड उघडून स्वतःच दाखवायचा प्रयत्न केला. ओठ नेमके हलले, रुमालामागून हवा गेली.

"असंच ना?" काकू म्हणाल्या. "आत्ता तर डोक्यात होतं." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. त्यांनी तिचं मनगट धरलं, घट्ट, तक्रार म्हणून नाही, रस्ता विचारणारा माणूस धरतो तसं. "ते शेवटचं तूच ऐकलंस पोरी. आमच्यापेक्षा स्वच्छ असेल तुझ्याजवळ. म्हण बघू. जमेल तसं म्हण."

तिने वही पुढ्यात घेतली. चार शब्द होते, अक्षर ठसठशीत, शेवटी पूर्णविराम. काकांनी डोळे मिटून घेतले, ऐकण्यासाठी. तिने वाचलं. स्वच्छ, योग्य पातळीवर, मागे कसलीही खरखर न येता. डोळे न उघडताच त्यांनी मानेने नाही म्हटलं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.